काहीही न मारणारी बंदूक

आमच्या जैन घरात ढेकूणसुद्धा मारत नसत. गादीत सापडला की चंपूआत्या त्याला कापसाच्या बोळ्यावर अलगद उचलायची, णमोकार म्हणायची आणि गल्लीपलीकडच्या मिरचीच्या व्यापाऱ्याच्या ओट्यावर नेऊन सोडायची. त्या व्यापाऱ्याकडं ढेकूण फार, अशी पेठेत बोलवा होती, आणि ती पसरवण्यात आत्याच पुढं असायची. पाणी दोनदा गाळलं जाई. सूर्य बुडायच्या आत जेवणं उरकत. कांदा, लसूण, बटाटा, मुळा ही मंडळी जमिनीखाली वाढतात म्हणून उंबऱ्याच्या आत येत नसत. हळदही जमिनीखालीच वाढते, आणि आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सांगलीत हळदीचाच व्यापार. त्याबद्दल विचारलं की आप्पा म्हणायचे, "वाळली की चालती." धर्मातली अशी बारीक कलमं त्यांना तोंडपाठ होती. अशा घरात मी बंदूक आणली.

घर म्हणजे खाली वखार आणि वर आम्ही चौघं: आप्पा, आई, आप्पांची थोरली विधवा बहीण चंपूआत्या आणि मी. शेजारच्या खोलीत हळद घासायचा लोखंडी ढोल दिवसभर गडगडत असे. त्यात हळकुंडं फिरत, एकमेकांवर घासत आणि गुळगुळीत पिवळी होऊन बाहेर पडत. त्या आवाजात वाढल्यामुळं आम्हा सगळ्यांचेच आवाज मोठे. जे काही होतं ते पिवळं: चादरी पिवळ्या, आप्पांच्या टोपीची कड पिवळी, मांजर मुळात पांढरं होतं असं आई सांगायची. आत्या तेवढी त्या सगळ्यात पांढऱ्या लुगड्यात स्वच्छ फिरायची, आणि घरातला शेवटचा शब्द तिचा असायचा. आप्पा पेठेतल्या सौद्यात भल्याभल्यांना गुंडाळायचे, पण घरी आल्यावर आत्या म्हणेल त्या भावाला माल द्यायचे.

मी विश्रामबागेतल्या कॉलेजात गेले आणि एनसीसी घेतली. घेतली ती पँट घालायला मिळते म्हणून. उगाच देशसेवा वगैरे सांगत नाही. पण पंचवीस यार्डांवर पॉइंट टू टू रायफल पहिल्यांदा हातात आली, आडवी पडून मी पाच गोळ्या मारल्या, आणि कागदावर पाचांचं मिळून एकच भोक पडलं. आमच्या जिल्ह्याच्या रायफल क्लबात नेमबाजी शिकवायला वडूजकडचे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी तो कागद उन्हाला धरला, उलटा केला आणि ओरडले, "बाकीच्या चार कुठं घातल्यास?" ते ओरडायचेच. उमेदीची वर्षं थ्री-नॉट-थ्रीच्या शेजारी घालवल्यानं त्यांचा उजवा कान गेला होता आणि डावाही रजेवर असायचा.

वर्षअखेरीच्या समारंभाला लष्करातले एक बडे साहेब आले होते. त्यांनी माझा कागद पाहिला आणि मायकवरनं विचारलं, हिचे वडील आलेत का? आप्पा उभे राहिले. साहेब म्हणाले, या मुलीला पंचवीस यार्डांवर अडकवू नका. हिला तीनशे यार्डांची चांगली रायफल घेऊन द्या. सगळं मैदान आप्पांकडं बघत होतं. आप्पा म्हणाले, "देतो की." घरी येईपर्यंत त्यांना घाम फुटला होता. पण सौद्यात चार लोकांसमोर एकदा 'दिली' म्हटलं की माल उतरवावाच लागतो, हे तत्त्व त्यांनी जन्मभर पाळलं होतं. आत्यानं दोन वेळा अन्न सोडलं. तिसऱ्या वेळी थालीपीठ होतं, लोण्याचा गोळा घालून. त्यापुढं उपोषण टिकलं नाही. तिनं एकच अट घातली. जीव जाईल अशी बंदूक घरात यायची नाही.

ही अट घेऊन आप्पा आणि मी साताऱ्याला बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदार पान खाऊन लाल झालेला, भिंतीवर सांबराची शिंगं लावून बसलेला हौशी माणूस. शिकारीवर नुकतीच बंदी आली होती, गिऱ्हाईक कमी, त्यामुळं आम्हाला बघून तो खुलला. त्यानं आधी टू-टू काढली. "हलकी, नाजूक. ससा, तित्तर, बसल्या जागी."

आप्पांनी हात जोडले. "दुसरी दाखवा."

त्यानं बाराबोर काढली. "रानडुक्कर! आडवं जातंय की नाही बघा."

"नको."

मग सरकारी कारखान्याची थ्री-वन-फाइव्ह आली. "आता बंदी आहे म्हणा, पण सांगायचं म्हणून सांगतो. बिबट्या. एका गोळीत. तक्रार आली तर बंदूक परत घेईन."

तक्रार कोण करणार, बिबट्या? असं मी विचारणार होते, पण आप्पा घसा खाकरून पुढं वाकले आणि हळदीचा वाण विचारावा तशा आवाजात म्हणाले, "आवं, काहीच मरत न्हाई अशी हाय का एखादी?"

दुकानदारानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग आप्पांच्या टोपीकडं. "काहीच म्हणजे?"

"मुंगीबी नको. लांब जायला पायजे, नेम बसायला पायजे आणि काय मरायला नको."

त्यानं तोंडातला विडा थुंकून घेतला. "शेट, मग तुम्ही पतंग का नाही उडवत?"

आम्ही कंदी पेढे घेऊन परत आलो.

सुभेदारांना हे कळल्यावर ते दुसऱ्याच दिवशी घरी आले आणि सोप्यात बसून, ढोलाच्या गडगडाटाच्या वर आवाज काढून त्यांनी आम्हाला बंदुकीचं शास्त्र समजावलं. पेठेलाही समजावलं, कारण शेजारचे हमाल काम थांबवून ऐकत होते. "टू-टू पन्नास मीटरला राणी हाय. पर तीनशे यार्डावर? गोळी म्हंजी जोंधळ्याचा दाणा. वारं आलं की पावण्यागत भलत्याच घरात शिरती. थ्री-वन-फाइव्हची गोळी जड, पर आळशी. निम्म्या वाटंवर खाली बसाया लागती. खरी बंदूक म्हंजी थ्री-नॉट-थ्री! पर ती सरकारची, तुमास्नी मिळायची न्हाई." आप्पांनी विचारलं, मग राहिलं काय? सुभेदारांनी "चहा चालंल" असं उत्तर दिलं.

मला टू-टू नको होती. पंचवीस यार्डांवर मारणं म्हणजे शेजारच्या घरी वाटीभर साखर मागायला जाणं. मला लांबचं हवं होतं. का हवं होतं ते तेव्हा सांगता येत नव्हतं, आणि आता सत्तरी उलटल्यावर, मोतीबिंदू काढून, सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारायची वेळ आल्यावरही धड सांगता येत नाही. एवढं आठवतं की लांबच्या नेमात गोळी सुटल्यावर तिथं पोचेपर्यंत एक क्षण रिकामा असतो. त्या क्षणात आई, आत्या, लग्न, परीक्षा, कुणीच नसतं. घरात मला असा एकही क्षण मिळत नव्हता.

क्लबातल्या एका गृहस्थांची थ्री-वन-फाइव्ह मागून आणली आणि मिरजेपुढच्या माळावर, डोंगराच्या पोटाशी कागद लावून मी ती मारून पाहिली. पहिल्याच गोळीला तिनं मला अशी लाथ घातली की आमच्या गोठ्यातली म्हैस तिच्यापुढं गरीब गाय वाटावी. दस्ता माझ्या हाताला लांब, त्यामुळं तो खांद्यात न बसता दंडावर बसायचा. दहा गोळ्यांची भोकं परातीएवढ्या जागेत पसरली. घरी मी न्हाताना आईनं तो काळानिळा दंड पाहिला आणि हळद उगाळून त्यावर जाड लेप घातला. आत्या दारातून बघत होती. म्हणाली, "लगीन ठरायच्या आधीच हळद लागली. आता नवरा बंदूकच."

शेवटी सुभेदारांनीच खबर आणली. आटपाडीच्या बाजूला एक म्हातारे इनामदार होते. लोक त्यांना नुसतं 'सरकार' म्हणत. तरुणपणी मोठे शिकारी. आता बंदी आली आणि डोळेही गेले. त्यांच्याकडं एक विलायती थर्टी-नॉट-सिक्स होती. ही गोळी लांब पल्ल्याला सरळ जाते, वाऱ्याला सहज बधत नाही, आणि खाजगी माणसाला परवान्यावर मिळू शकते. वर तिची काडतुसंही सरकारांकडं पेटीभर शिल्लक. आम्ही हळदीच्या ट्रकमधून निघालो. पुढं ड्रायव्हरशेजारी आत्या आणि आप्पा, मागं पोत्यांवर मी आणि सुभेदार. आत्या कशाला, असं आप्पांनी विचारलं होतं. तर म्हणे, "मुलगी बघायला बाईमाणूस लागतंच की."

सरकारांनी रायफल मांडीवर घेऊन बसवली होती. अक्रोडाचा लाकडी दस्ता, खिटी मागं ओढून एकेक गोळी भरायची, आणि खिटी अशी सरकायची की तूप लावलंय. मी तिथंच बांधावर आडवी झाले. समोरच्या टेकाडाला चुन्याचा ठिपका लावला होता. तीन गोळ्या मारल्या. सुभेदार चालत जाऊन आले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले, "वाटी झाकंल एवढ्यात हायत्या." लाथ होती, पण समजूतदार. दस्ता लांब होता, तो कापता आला असता. मला कळून चुकलं की हीच.

पण आत्यानं रायफल पालथी केली. दस्त्याच्या खालच्या कडेला चाकूनं पाडलेल्या खाचा होत्या, एकीला एक लागून. "हे काय हाय?"

सरकार अभिमानानं सांगू लागले. "हा वाघ. हे दोन बिबटे. हे अस्वल. हे सांबर, सांबर, चितळ..." आत्याचा चेहरा तिच्या लुगड्यासारखा होत चालला. शेवटच्या खाचेवर ते थांबले. आत्यानं बोट ठेवलं, "आणि ही?"

सरकार ओशाळले. "ते परटाचं गाढव. झुडपामागं होतं, नीट दिसलं नाही."

आत्या उठून बाहेर गेली. आप्पांनी माझ्याकडं पाहून मान हलवली, सौदा मोडला. मी रायफल पुसून परत ठेवली. रडू आलं होतं, पण सुभेदारांसमोर रडायचं नव्हतं. सरकारांनी मला विचारलं, "पोरी, तू हिनं काय मारणार होतीस?" मी म्हटलं, कागद. ते खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "कागदालाच का होईना, लागू दे. मला तर शेवटी गाढवच लागलं."

आत्या बाहेर कडुलिंबाखाली बराच वेळ बसली होती. मी जवळ गेले तर तिनं मला बसायला सांगितलं. "पदमे, पुराणात चोर तरले, खुनी तरले. दीक्षा घेतली की मागलं गळून पडलं. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"आपण न्हाई नेली तर ही उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार. तो काय कागद मारतोय? परत खाचा पाडणार." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल. हिला आपल्यात घेऊ."

पोलिसांच्या चौकशीला जमादार आला. हत्यार कशासाठी हवं? आत्मसंरक्षण की पीकसंरक्षण? आप्पा म्हणाले, "कागदाला भोकं पाडायला." जमादारानं आपल्या मनानं आत्मसंरक्षण लिहिलं. परवाना आप्पांच्या नावावर निघाला, क्लबानं शिफारस केली, आणि एका अष्टमीला आत्यानं रायफल पाटावर ठेवली. तांदूळ वाहिले, णमोकार म्हटला आणि तिला खणखणीत आवाजात बजावलं की आजपासून जीवहिंसा बंद, मुंगीसुद्धा नाही. आप्पा हात जोडून उभे होते. मला हसू दाबता दाबता उचकी लागली. सुताराकडून दस्ता माझ्या हाताच्या मापाला कापून घेतला, तेव्हा निम्म्या खाचा त्या तुकड्याबरोबर गेल्या. उरलेल्या आत्यानं राळेनं बुजवल्या. एवढ्यावर ती थांबली नाही. बंदुकीच्या तेलात चरबी असेल या संशयानं तिनं खिटीला घरचं शेंगतेल पाजलं. आठवड्यात खिटी अशी चिकटली की दोघांनी ओढूनही निघेना. सुभेदार पेठ हादरेल असं ओरडले, "रायफल हाय का भजी तळायची कढई?" त्यानंतर शिवणयंत्राच्या तेलावर तडजोड झाली.

मध्येच आष्ट्याचं स्थळ आलं. आमच्यातलंच घराणं, उसाची बक्कळ शेती, मुलगा शिकलेला. आईनं देवाला साकडं घातलं की पावण्यांना बंदुकीचं कळू नये. पावणे ओट्यावर बसले आणि मुलाच्या वडिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्याकडं मोठी रायफल हाय म्हणं?" आईनं पोह्यांच्या बश्या घाईनं पुढं केल्या. पण त्यांचे डोळे चमकत होते. "मुलीबरोबर ती बी येऊ द्या. उसात डुकरं लय झाल्यात."

आत्या आतून बाहेर आली. "तुमी डुकरं मारता?"

"छे छे, आपण कशाला? गडी हाय की. तो मारंल. पाप त्याला."

"असं व्हय," आत्या म्हणाली. "मग सूनबाईचा स्वयंपाकबी गड्यालाच वाढा. पुण्य त्याला." आणि तिनं पोह्यांच्या बश्या, काही तर अर्ध्या खाल्लेल्या, गोळा करायला सुरुवात केली. आई रात्रभर रडली. मला मुलगा बरा वाटला होता, नाही म्हणत नाही. पण बाप बोलत असताना त्यानं एकदाही मान वर केली नव्हती.

साताऱ्याला डोंगराखालच्या मैदानावर स्पर्धा होत्या. पन्नास मीटरची टू-टू आणि तीनशे यार्डांची खुली स्पर्धा एकाच वेळी. एकीतच भाग घेता येणार. सुभेदार मला पन्नासाला घालायला निघाले होते. "तिथं पैली येशील. इकडं सगळे फौजी, पोलीस आणि साखर कारखान्यांची पोरं. हसं करून घेशील." मी तीनशेलाच नाव दिलं. बायकांसाठी वेगळी सोय नव्हती आणि बाई येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी पँट घालून आडवी झाले तेव्हा मागं जो गलका झाला त्यात आत्याचाही आवाज होता. तिचा बंदुकीपेक्षा पँटवर राग होता.

प्रत्येकाला दहा गोळ्या. मी माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुंटीवर, नेम धरला, श्वास अर्धा सोडला, आणि मागून सुभेदार कुजबुजले. म्हणजे सगळ्या मैदानानं ऐकलं. "वारं डावीकडनं हाय, पोरी! डावीकडं दोन बोटं धर!" पंच त्यांना आवरायला धावले. मी दोन बोटं धरली, गोळी सोडली. समोरच्या खंदकातून लाल झेंडा हलला. कागदाला लागलीच नव्हती. कुणीतरी हसलं, कुणीतरी 'पोळपाट लाटणं' असं काहीतरी म्हणालं. माझे कान गरम झाले. मान वर करून नीट पाहिलं. सुभेदार तंबूच्या कनातीवरून वारा मोजत होते, आणि तंबूशी डोंगराचं वारं उलटं फिरत होतं. निम्म्या वाटेवरच्या ओढ्यातलं गवत मात्र बरोबर दुसऱ्या बाजूला लवत होतं. मी कापूस मागून घेतला आणि दोन्ही कानांत घट्ट कोंबला. मग गवत, माशी आणि कागद एवढंच जग उरलं. उरलेल्या नऊही गोळ्या कागदात गेल्या, बऱ्याचशा मधल्या काळ्या गोलात. ते रिकामे क्षण मला एका दुपारी नऊ वेळा मिळाले.

शेवटची गोळी झाली तोच खांद्याला हात लागला. वळून पाहिलं तर आप्पा डबा उघडून उभे. ऊन कललं होतं आणि माझं जेवण राहिलं होतं. पंच म्हणाले, आता बक्षीस समारंभ. आप्पा म्हणाले, "समारंभ दिवा लावूनबी व्हईल. हिला दिस बुडायच्या आत जेवायचंय." सगळे थांबले. मी मैदानात मांडी घालून भाकरी, मटकीची उसळ आणि बिनलसणाचं भडंग खाल्लं.

माझा तिसरा नंबर आला होता. बक्षीस देताना पाहुण्यांचा चेहरा पडला, कारण पुडक्यात दाढीचं सामान होतं: रेझर, ब्रश, साबणाची वाटी आणि छोटा आरसा. बाईला ते कसं द्यावं म्हणून ते घुटमळले. आप्पा पुढं झाले, दोन्ही हात पसरून म्हणाले, "द्या, माझ्या कामाला येईल." परतीच्या एसटीत आत्यानं ब्रश तपासला, डुकराच्या केसांचा असणार असा निकाल दिला आणि कराडच्या आसपास तो खिडकीतून सोडून दिला. त्यामुळं आप्पा जन्मभर तळहातानं साबण लावत राहिले. दाढी मात्र त्याच रेझरनं, त्याच आरशात. सोप्यात कोण बसलं असेल तर त्याला रेझर दाखवून सांगायचे, "लेकीनं मारून आणलाय." आमच्या घराण्यात मारून आणलेली तेवढी एकच वस्तू.

पुढं माझं लग्न झालं, माणूस भला मिळाला, ते वेगळं. आप्पांचे हात म्हातारपणी कापायला लागले तेव्हा माहेरी गेले की त्यांची दाढी मी करायची. गळ्यापाशी पातं आलं की मला धास्ती वाटायची. मी म्हणायची, "आप्पा, हलू नका. लागंल."

आप्पा डोळे मिटून मान वर करून निवांत बसलेले असायचे. म्हणायचे, "मी हललो तर काय हुतंय? हात तुझा हाय. तो कवा हललाय?"